भाडे चाळीस हजार, कापायचे साडेबारा हजार

गोव्यात पर्वरीतला टू बीएचके फ्लॅट, भाडे महिना ४०,००० रुपये. मालक म्हापशात राहत असेल तर भाडेकरूने दर महिन्याला चाळीस हजार पाठवायचे, बात संपली. भाडे ५०,००० च्या वर नाही, त्यामुळे एक पैसाही कापायचा नाही. तोच मालक नोकरीसाठी दुबईला गेला आणि वर्षभर तिथेच राहिला, की त्याच फ्लॅटच्या त्याच भाड्यातून भाडेकरूने दरमहा १२,४८० रुपये कापून सरकारजमा करायचे. तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. इथे किमान मर्यादा नाही. भाडे पाच हजार असले तरी पहिल्या रुपयापासून कापणी.

१९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९५ होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कर कापण्याची, बहुतेक कलमे ३९३ मध्ये एकत्र आली, फॉर्मांचे क्रमांक बदलले. दर मात्र जागचा हलला नाही. सीएंच्या तोंडी अजून कलमांचे आणि फॉर्मांचे जुनेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

आता या मालकाचा खरा कर किती, ते पाहू. वर्षाचे भाडे ४,८०,००० रुपये. त्यातून मालकाने त्या वर्षात स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते. ती ६,००० धरली तर उरले ४,७४,०००. त्यावर दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे १,४२,२००. करपात्र उत्पन्न ३,३१,८००. नव्या करप्रणालीत पहिले चार लाख करमुक्त आहेत आणि ती सूट परदेशस्थालाही मिळते. भारतात दुसरे उत्पन्न नसेल तर या माणसाचा कर शून्य. कापले गेले १,४९,७६० रुपये. ते सगळे परत मिळतात, पण कधी? वर्ष संपल्यावर, विवरणपत्र भरल्यावर, ते तपासून झाल्यावर. परताव्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळते खरे, पण वेळेत विवरणपत्र भरले तरी ते पुढच्या १ एप्रिलपासून मोजतात. आदल्या एप्रिलमध्ये कापलेले साडेबारा हजार अकरा महिने सरकारकडे बिनव्याजी पडून राहतात.

महिना साधारण ४७,६०० रुपयांपर्यंतच्या भाड्याला हाच हिशेब लागू होतो, कर शून्य. भाडे वाढवून पाहा. महिना एक लाख, वर्षाला बारा लाख, घरपट्टी १२,०००. तीस टक्के वजावटीनंतर करपात्र ८,३१,६००. त्यावर उपकरासह कर साधारण २४,०८६ रुपये, म्हणजे भाड्याच्या दोन टक्के. टीडीएस ३,७४,४००. आणि गंमत अशी, की गोव्यातच राहणाऱ्या मालकाला लाखभर भाडे देणारा साधा भाडेकरू नेमके दोनच टक्के कापतो. आधी ते पाच होते, १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन झाले. म्हणजे रहिवाशासाठी ठरवलेला दर परदेशस्थ मालकाच्या खऱ्या कराशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि परदेशस्थासाठी ठरवलेला दर त्याच्या पंधरापटीहून जास्त आहे.

परदेशस्थाच्या भाड्यावर कर नको, असे इथे म्हणायचे नाही. घर गोव्यात, भाडे गोव्यात, तेव्हा कर भारतातच द्यायला हवा. इंग्लंड आणि पोर्तुगालशी असलेल्या करारांतही स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर कर लावायचा हक्क, ती मालमत्ता जिथे आहे त्या देशाला दिलेला आहे. तक्रार आहे ती वसुलीच्या तऱ्हेबद्दल. जो कर लागणारच नाही तो आगाऊ कापायचा आणि कापायचे काम भाडेकरूच्या गळ्यात घालायचे, ही ती तऱ्हा.

परदेशस्थ म्हणजे कोण, इथूनच गोव्यात गोंधळ सुरू होतो. अनेकांना वाटते की पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की माणूस एनआरआय. आयकराला पासपोर्टशी देणेघेणे नाही, तो दिवस मोजतो. पोर्तुगालात जन्मनोंद करून पासपोर्ट घेतलेला, पण वर्षभर फोंड्यातच राहणारा मालक करापुरता रहिवासीच असतो. त्याच्या भाड्यातून ३१.२ टक्के कापणे चूक. उलट भारतीय पासपोर्ट असलेला, पण वर्षातले १८२ दिवसही देशात न राहिलेला आखातातला नोकरदार परदेशस्थ ठरतो. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर चवथीला, नाताळाला, लग्नकार्याला येणाऱ्यांसाठी ही मोजणी १२० दिवसांवर येते.

सगळ्यात अवघड तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, मालक. समजा एक जण डिसेंबरच्या सुरुवातीला बोटीवर चढला आणि ऑगस्टअखेर उतरला. मार्चपर्यंतच्या आर्थिक वर्षात तो चारच महिने बाहेर होता, म्हणजे रहिवासी. पुढच्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट बाहेर, तीन महिने घरी, डिसेंबरला पुन्हा बोटीवर. हिंदुस्थानात भरले जेमतेम ९१ दिवस, म्हणजे परदेशस्थ. माणूस तोच, घर तेच, भाडेकरूही तोच, आणि दर एका वर्षी शून्य तर दुसऱ्या वर्षी ३१.२ टक्के. भाडेकरूने एप्रिलमध्येच ठरवायचे, की मालकाचे दिवस पुढच्या मार्चपर्यंत किती भरतील. मालकाच्या कंपनीलाही ते ठाऊक नसते.

या भाडेकरूने नक्की काय काय करायचे? आधी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, काढायचा. अर्जाची फी शंभर रुपयांच्या आत आहे, फीचा प्रश्नच नाही. मग दर महिन्याला कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायची. मार्चच्या कापणीला ३० एप्रिलपर्यंत मुदत. दर तिमाहीला २७क्यू हे विवरण: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे. त्यानंतर आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून १६ए हा कापणीचा दाखला उतरवून मालकाला द्यायचा. विवरणाला उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क, कराच्या रकमेइतके होईपर्यंत. कापलेच नाही तर महिना एक टक्का व्याज, कापून भरले नाही तर दीड टक्का. हे सगळे पर्वरीत वर्षभरासाठी राहायला आलेल्या एखाद्या बँकेतल्या कारकुनाने करायचे. रहिवासी मालक असता तर त्याला टॅन लागला नसता. ५०,००० च्या वर भाडे असले तरी स्वतःच्या पॅनवर २६क्यूसी हा एकच फॉर्म, तोही वर्षातून एकदा किंवा घर सोडताना.

दोन्ही रस्ते शेजारी शेजारी असल्याने चुकाही ठरावीक होतात. साठ हजार भाडे देणारा भाडेकरू मालक लिस्बनला आहे हे विसरून २६क्यूसीने दोन टक्के भरतो. मालक नंतर परदेशस्थ म्हणून आयटीआर-२ भरतो आणि भाडेकरूला उरलेल्या २९.२ टक्क्यांची नोटीस येऊ शकते. त्यातून सुटका आहे. मालकाने ते उत्पन्न दाखवून कर भरलेला असेल आणि सीएने तसा दाखला फॉर्म २६ए मध्ये दिला, तर भाडेकरू कसूरदार ठरत नाही. व्याज मात्र मालकाने विवरणपत्र भरल्याच्या तारखेपर्यंतचे द्यावेच लागते. दुसरी नेहमीची चूक पॅनची. आधारशी न जोडलेला पॅन जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाला. परदेशस्थांना जोडणीची सक्ती नाही, पण पोर्टलवर आपला दर्जा बदलून न घेतलेल्यांचे पॅनही त्यात अडकले. पॅन निष्क्रिय असेपर्यंत परतावा निघत नाही.

इतके सोपस्कार आणि इतका दर म्हटल्यावर वाटा काढल्या जातातच. भाडे मालकाच्या भावाच्या नावावर घ्यायचे, ही पहिली वाट. कायद्याने तो पैसा मालकाचाच राहतो, टीडीएस चुकत नाही, आणि भाडे गोळा करणाऱ्या भावाला परदेशस्थाचा प्रतिनिधी ठरवून त्याच्याकडूनच वसुली करायची तरतूद आहे. मुखत्यारपत्र हातात असलेल्या भावाला हे बहुधा कुणी सांगितलेले नसते. दुसरी वाट रोखीची. भाडेकरू पगारदार असून घरभाडे भत्त्याची सूट मागत असला, तर वर्षाला एक लाखाच्या वर भाड्याला मालकाचा पॅन कंपनीला द्यावाच लागतो. तो पॅन परदेशस्थाचा आहे आणि त्यावर टीडीएस आलेला नाही, हे जुळवून पाहणे आता संगणकाला जड नाही.

तिसरी वाट वरवर सरळ दिसते, पण तीच सर्वात महाग पडते. मालक म्हणतो, ‘मला हातात चाळीस पाहिजेत, कराचे तुमचे तुम्ही बघा.’ असा करार झाला की चाळीस हजार ही कर कापून उरलेली रक्कम धरली जाते. ४०,००० भागिले ०.६८८, म्हणजे मूळ भाडे ५८,१४० आणि कर १८,१४० रुपये. चाळीस हजारांचे घर भाडेकरूला अठ्ठावन्न हजारांना पडते आणि जास्तीच्या कराचा परतावा मात्र मालकाच्या खात्यात जातो! हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर कुणीही भाडेकरू अशा करारावर सही करणार नाही.

चौथी वाट कुलपाची. गोव्यात घराला कुलूप लागायला कारणे पुष्कळ आहेत. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याची धास्ती आहे, भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) वादांच्या आठवणी आहेत, भावंडांत न झालेल्या वाटण्या आहेत. कर हे त्यातले एक कारण, आणि कदाचित सर्वात मोठे नव्हे. पण बाकीची कारणे सोडवायला पिढ्या लागतील, हे एका अधिसूचनेने सुटण्यासारखे आहे.

‘पण कमी दराचा दाखला मिळतो की!’ असे आयकरवाले म्हणतील. मिळतो. मालकाने फॉर्म १३ ऑनलाइन भरायचा. भाड्याचा करार, मागची विवरणपत्रे, अंदाजे उत्पन्नाचा तक्ता जोडायचा. अधिकारी समाधानी झाला तर शून्य किंवा दोन-तीन टक्क्यांचा दाखला देतो. पण हा दाखला एका ठरावीक भाडेकरूच्या टॅनवर निघतो. म्हणजे भाडेकरूने आधी टॅन काढलेला पाहिजे. तो दाखला मिळाल्या दिवसापासूनच लागू होतो, आधीच्या महिन्यांची कापणी त्याने परत येत नाही. आणि ३१ मार्चला तो संपतो. आता याच्या शेजारी आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार ठेवून पाहा. जूनमध्ये भाडेकरू आला, ऑगस्टमध्ये टॅन झाला, ऑक्टोबरमध्ये दाखला आला, मार्चला संपला, एप्रिलमध्ये भाडेकरू गेला. नवा आला की पुन्हा श्रीगणेशा. शिवाय मालकाचा पॅन अजून जुन्या स्थानिक वॉर्डात असेल तर तो आधी आंतरराष्ट्रीय कर विभागाच्या अधिकाऱ्याकडे हलवून घ्यावा लागतो. अर्ज बरेचदा इथेच रखडतो.

याहून खास गोव्याची गोष्ट नवरा-बायकोच्या निम्म्या-निम्म्या उत्पन्नाची. पोर्तुगीज नागरी संहितेखाली विवाह झालेल्या आणि विवाहापूर्वी वेगळा करार न केलेल्या जोडप्याची मालमत्ता सामाईक असते. म्हणून १९६१ च्या कायद्यात कलम ५ए होते: पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत अर्धे-अर्धे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत वेगवेगळे दाखवायचे. (त्या कलमात संहितेचे साल १८६० छापले आहे, संहिता १८६७ ची. दिल्लीला गोवा किती ठाऊक, याचा हा एक छोटासा पुरावा.) घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असले तरी भाडे दोघांचे. नवरा कुवेतला, बायको डिचोलीत, तर अर्धे भाडे परदेशस्थाचे, अर्धे रहिवाशाचे. बायकोला दुसरे उत्पन्न नसेल तर महिना ९५,००० पर्यंतच्या भाड्यावरही दोघांचा मिळून कर शून्य निघू शकतो, आणि रहिवासी म्हणून बायकोला मिळणारी करसवलत त्यावर आणखी.

भाडेकरूला यातले काहीच ठाऊक नसते. करारावर सही नवऱ्याची, पॅन नवऱ्याचा, म्हणून तो सगळ्या भाड्यावर ३१.२ टक्के कापतो आणि सगळा टीडीएस नवऱ्याच्या नावे जमा होतो. तो विवरणपत्राच्या अनुसूची ५ए मध्ये वाटून घेता येतो, तिथे वाटलेल्या उत्पन्नाचा आणि वाटलेल्या टीडीएसचा असे दोन्ही रकाने आहेत. पण नवऱ्याने रकाना भरला आणि बायकोने विवरणपत्रच भरले नाही, किंवा दोघांचे आकडे जुळले नाहीत, की परतावा अडकतो. गोव्याबाहेरच्या सीएकडे काम दिले की हे हमखास होते. ‘तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का?’ या प्रश्नाला तो सवयीने ‘नाही’ लिहून मोकळा होतो.

हाच प्रश्न इंग्लंडने कसा सोडवला, ते आपल्याला दूरचे नाही. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तिथे घर घेऊन, मग ते भाड्याने देऊन गोव्यात परतलेला माणूस तिथल्या सरकारच्या लेखी परदेशस्थ घरमालकच. तिथेही भाड्यातून कर कापतात. पण दर मूळ टप्प्याचा, २० टक्के, आणि तो भाडे गोळा करणाऱ्याने भागवलेला घराचा खर्च वजा केल्यावर. काम मुख्यतः एजंटचे. एजंट नसेल आणि भाडे आठवड्याला १०० पौंडांच्या वर असेल, तरच भाडेकरूचे. शिवाय मालकाने एनआरएल-१ हा अर्ज केला आणि त्याचा तिथला करव्यवहार चोख असला, की त्याला पूर्ण भाडे हातात घ्यायची परवानगी मिळते. ती दरवर्षी नव्याने मागावी लागत नाही. वर्षाचे विवरणपत्र त्याने भरायचेच. जाता जाता, असा माणूस परतून काही वर्षांनी करापुरता पूर्ण रहिवासी झाला की स्विंडनचे भाडे त्याने इथल्या विवरणपत्रातही दाखवायचे, घर परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत लिहायचे आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मागायची. हे विसरणाऱ्यांना दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या खात्याचा युक्तिवाद असा, की परदेशात गेलेला माणूस हाती लागत नाही, म्हणून आधीच कापून ठेवलेले बरे. सल्लागाराच्या फीबद्दल, व्याजाबद्दल तो पटतो. पैसा एकदा गेला की मागे काही उरत नाही. पण इथे मागे घर उरते. घर काही विमानात बसून जात नाही. चार वर्षांचा कर थकला तरी वसुलीला मालमत्ता जागेवर आहे, तिची घरपट्टी पंचायतीत लागते, आणि ती विकताना परदेशस्थाच्या व्यवहारातून पुन्हा टीडीएस कापला जातोच. इतके भक्कम तारण असलेल्या उत्पन्नाला सर्वात कडक दर लावण्यात शहाणपण दिसत नाही.

विक्रीच्या बाबतीत सरकारला हे उमगलेले दिसते. परदेशस्थाकडून घर विकत घेणाऱ्याला टॅनची अट काढून स्वतःच्या पॅनवर टीडीएस भरू द्यायचे, असे २०२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. कोटीभराचा फ्लॅट विकत घेणाऱ्याला टॅन नको आणि तोच फ्लॅट चाळीस हजारांनी भाड्याने घेणाऱ्याला हवा, याचे समर्थन कुणी करून दाखवावे. भाड्यालाही पॅनवरचे चलन लागू करावे. टीडीएस पूर्ण भाड्यावर न कापता ७० टक्क्यांवर कापावा, कारण ३० टक्क्यांची वजावट कायद्यानेच सरसकट दिलेली आहे, त्यात अधिकाऱ्याने तपासण्यासारखे काही नाही. एवढ्यानेच दर २१.८४ टक्क्यांवर येतो. वर्षाला सहा-साडेसहा लाखांच्या आतल्या भाड्याला तो रहिवाशाइतकाच असावा. आणि दाखला भाडेकरूच्या टॅनवर न देता मालकाच्या पॅनवर, निदान तीन वर्षांसाठी द्यावा. छोट्या करदात्यांना असे दाखले संगणकावरच आपोआप देण्याची योजनाही त्याच अर्थसंकल्पात आली. तिच्यात परदेशस्थ घरमालकाला पहिल्या रांगेत बसवावे, कारण त्याच्याइतका सरळ हिशेब दुसऱ्या कुणाचा नसेल: एक घर, एक भाडे, एक घरपट्टी.

तोवर अकरा महिन्यांचा करार लिहितानाच चार ओळी वाढवल्या तर निम्मी भांडणे टळतील. मालक या आर्थिक वर्षात रहिवासी की परदेशस्थ, हे त्याने लेखी जाहीर करावे आणि वर्षात बदल झाला तर पंधरा दिवसांत कळवावे. भाड्याची रक्कम कर कापण्यापूर्वीची आहे, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्यास पती-पत्नी दोघांची नावे, दोघांचे पॅन आणि दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मालकाचा हिस्सा त्याच्या एनआरओ (परदेशस्थाच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या) खात्यातच जावा, गावच्या बँकेतल्या जुन्या बचत खात्यात नको. परदेशस्थ झाल्यावर ते खाते एनआरओ करून घेणे बंधनकारकच आहे. परत करायच्या अनामतीवर टीडीएस नाही, पण ती शेवटच्या महिन्यांच्या भाड्यात वळती होणार असेल तर त्या रकमेवर आहे. भाडेकरूचा टॅन आणि सीएची फी कुणी सोसायची, हेही त्यातच लिहावे. मालकाने सोसणे रास्त, कारण परताव्याचा धनी तोच आहे.